दिसतं तसं नसतं : कॅनरी बेटांवरची गुबगुबीत रोपटी

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 हातातली कामं चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

हल्ली बचत गटांच्या प्रदर्शनात, तालुक्याच्या बाजारात, रोपवाटिकांमध्ये तळहाताएवढ्या कुंड्या मांडलेल्या दिसतात. त्यांतल्या रोपांची पानं जाड, गुबगुबीत, रसानं भरलेली असतात. काहींची पानं कमळासारखी गोल रचलेली, काहींची मण्यांच्या माळेसारखी. नाव विचारलं तर विकणारी म्हणते, ‘सक्युलंट आहे ताई.’ दुसरं बोट दाखवून विचारलं, तर तेही सक्युलंट. आता असं बघा, तुमच्या गोठ्यात काय आहे असं कुणी विचारलं आणि तुम्ही सांगितलंत, ‘चार पायांची जनावरं आहेत’, तर त्यातून काय कळणार? गाय, म्हैस, शेळी सगळंच त्यात आलं. सक्युलंट हे तसंच नाव आहे. ज्या झाडानं पानात, खोडात किंवा मुळात पाणी साठवलं ते सक्युलंट, मग ते कुठल्याही कुळातलं असो.

‘नाव काय का असेना, रोप विकलं गेलं की झालं,’ असं कुणी म्हणेल. पण इथं नावावर बरंच काही अवलंबून आहे. या रोपांपैकी एखादं अगदी निरुपद्रवी असतं, तर त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. एखाद्याला पावसाळ्यात पाणी लागतं, तर दुसरं त्याच पाण्यानं कुजतं. एखादं रोपवाटिकेत फांदीपासून तयार केलेलं असतं, तर दुसरं कुठल्याशा कड्यावरून उपटून आणलेलं. म्हणून आज आपण ओळखायला शिकायचं. त्यासाठी मी तुम्हांला जरा लांब नेणार आहे, कारण या रोपांतल्या एका मोठ्या घराण्याचं माहेर तिथं आहे.

आफ्रिका खंडाच्या वायव्येला, मोरोक्को देशाच्या किनाऱ्यापासून साधारण शंभर किलोमीटरवर, अटलांटिक समुद्रात कॅनरी बेटं आहेत. राज्य स्पेनचं. टेनेरीफ, ग्रान कनारिया, ला पाल्मा, ला गोमेरा, एल हिएरो, लॅन्झरोटे, फुएर्तेवेंतुरा ही त्यांतली मोठी सात. ही बेटं समुद्राच्या तळातून ज्वालामुखीनं वर आणली. सगळ्यांत जुनं बेट फुएर्तेवेंतुरा, त्याचं वय दोन कोटी वर्षांच्या वर. सगळ्यांत धाकटं एल हिएरो, साधारण अकरा-बारा लाख वर्षांचं. टेनेरीफवरचा तेइदे हा ज्वालामुखी ३,७१५ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. आणि ज्वालामुखी ही तिथं जुनी गोष्ट नाही. ला पाल्मा बेटावर १९ सप्टेंबर २०२१ला लाव्हा वाहायला लागला तो १३ डिसेंबरपर्यंत वाहत होता. घरं, रस्ते, केळीच्या बागा त्याखाली गेल्या.

आपली सह्याद्रीची जमीनही लाव्हाचीच. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे खडकाच्या हिशेबानं आपण थोरल्या, ती बेटं लेकरं.

आता विचार करा. अशा खडकावर माती नाही, ऊन कडक, पाऊस फक्त हिवाळ्यात, आणि उन्हाळा पूर्ण कोरडा. तिथं झाड जगणार कसं? त्यानं पाणी साठवलं पाहिजे आणि साठवलेलं उडू दिलं नाही पाहिजे. जाड पानांच्या रोपांनी त्यासाठी एक युक्ती केली. पानांना बारीक छिद्रं असतात, त्यांतून झाड हवा घेतं. बहुतेक झाडं ही छिद्रं दिवसा उघडतात. ही रोपं ती दिवसा मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री घेतलेली हवा आंबट रसाच्या रूपानं पानात साठवतात आणि दिवसा उन्हात तीच वापरून अन्न तयार करतात. छिद्रं दिवसा बंद, त्यामुळे पाणी उडत नाही.

या युक्तीचा सुगावा लागला तो आपल्या देशात, आणि तोही पानफुटीवरून! दक्षिण भारतात काम करणारे वनस्पतितज्ज्ञ बेंजामिन हाइन यांच्या लक्षात आलं, की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट. त्यांचं हे निरीक्षण १८१५मध्ये छापून आलं. आपल्या दारातली पानफुटी मूळची मादागास्कर बेटावरची, पण कॅनरी बेटांवरच्या ज्या रोपांबद्दल मी सांगणार आहे त्यांची ती भावकीच. सगळी एकाच कुळातली. मात्र पानफुटी चाखून बघू नका हं. तिच्या रसात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, जास्त खाल्ल्यानं जनावरं दगावतात. हाइन यांनी चाखली, तेवढं पुरे.

तर कॅनरी बेटांवर या कुळाच्या तीन मोठ्या शाखा आहेत. त्यांची नावं एकदा सांगते, पाठ नाही झाली तरी चालेल. एक एओनियम, दुसरी आयक्रायसन, तिसरी मोनँथिस. शास्त्रज्ञांना त्यांच्या तपासणीत असं दिसलं, की या तिघींचं मूळ उत्तर आफ्रिकेतल्या नातलगांशी जुळतं. बी धुळीसारखं बारीक. ते बेटावर पोचलं, रुजलं, एका बेटावरून दुसऱ्यावर गेलं. जिथं गेलं तिथल्या वाऱ्यापावसाप्रमाणं बदलत गेलं. एकाच घरच्या लेकी वेगवेगळ्या गावी नांदायला गेल्या आणि तिथलं वळण त्यांना लागलं, तसंच. आज एकट्या एओनियमच्या पस्तीसेक जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठंच आपोआप उगवत नाहीत.

आता ओळखायचं कसं ते बघू. मी पाच प्रश्न सांगते. झाडापुढे बसून हे पाच प्रश्न क्रमानं विचारायचे. हात लावायची घाई नको, उपटायचं तर मुळीच नाही.

पहिला प्रश्न : तुझा पत्ता काय?

सोयरीक करताना आपण आधी गाव विचारतो, मग घराणं. झाडाचंही तसंच. कॅनरी बेटांच्या उत्तरेकडून समुद्रावरचे ओले वारे येतात आणि डोंगराला अडतात. त्यामुळे उत्तर बाजूला, साधारण सहाशे ते दीड हजार मीटर उंचीवर, वर्षातले कितीतरी दिवस ढग टेकलेले असतात. तिथं दाट हिरवं जंगल आहे. त्याच बेटाची दक्षिण बाजू मात्र करपलेली. आपल्याला हे नवं नाही. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटाव कोरडं. डोंगराची कुठली बाजू, किती उंची, ऊन की सावली, माती की खडकाची फट, हे कळलं की निम्मी ओळख झाली. ढगाच्या जंगलातल्या शेवाळलेल्या भिंतीवर दिसलेलं मऊ लवेचं रोप आयक्रायसन असण्याचा संभव जास्त. दोन हजार मीटरच्या वर, तेइदेच्या परिसरात, खडकाच्या फटीत पानांचा गुच्छ दिसला आणि त्याच्या खोडावर लांब केस असले, तर तो एओनियमची स्मिथी नावाची जात असू शकतो. लॅन्झरोटेवर १७३०पासून १७३६पर्यंत लाव्हा वाहिला, तिथं तीनशे वर्षं होत आली तरी बऱ्याच भागात अजून दगडफूलच दिसतं. पण त्याच बेटावरच्या जुन्या लाव्हाच्या फटींत एक एओनियम राहतं, आणि त्याला त्या बेटाचंच नाव दिलेलं आहे.

दुसरा प्रश्न : तुझी पानं बसलीत कशी?

एओनियमची पानं फांदीच्या टोकाला गोल चक्रात बसतात, उमललेल्या फुलासारखी. खाली बहुधा लाकडासारखं खोड असतं. काही जाती झुडपासारख्या फांद्या फुटलेल्या, काही एकखोडी. टेनेरीफच्या उत्तरेकडच्या कड्यांवर एक जात आहे, तिचं चक्र ताटासारखं सपाट. शंभराहून अधिक पानं, घरावर कौलं घालावीत तशी एकावर एक रचलेली, मध्ये बोटही शिरणार नाही. हे हिरवं ताट कड्याला चिकटून उभं असतं, त्यामुळे पाणी साचत नाही. दुसरी एक जात ला लागुना या जुन्या गावात घरांच्या कौलांवर उगवते, एका खोडावर एकच मोठं चक्र. शास्त्रज्ञांनी तिचं नावच ‘शहरात राहणारी’ अशा अर्थाचं ठेवलं आहे.

आयक्रायसनची पानं अशी घट्ट चक्रात नसतात. रोप मऊ, बहुतेक जाती वर्षा-दोन वर्षांत फुलून बी टाकून संपणाऱ्या. फुलाच्या फांद्या दोन-दोन फाट्यांनी फुटत जातात.

मोनँथिस या तिघींत सगळ्यांत धाकटी. काही जातींचं अख्खं चक्र एखाद्या शर्टाच्या बटणाएवढं. सावलीतल्या कड्यावर शेकडो बटणं एकमेकांना चिकटून बसतात, लांबून शेवाळच वाटतं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथं मात्र जवळ गेल्याशिवाय साजरेपण कळतच नाही.

तिसरा प्रश्न : तुझ्या अंगावर काय आहे?

त्यासाठी भिंग हवं. शाळेच्या प्रयोगपेटीत असतं तसलं साधं भिंग पुरतं. एओनियमच्या बऱ्याच जातींच्या पानांच्या कडेला बारीक केसांची झालर असते, फणीच्या दातांसारखी. रोपवाटिकेत मिळणारं एचेव्हेरिया नावाचं रोप अगदी असंच दिसतं, तेही पानांचं कमळ, पण ते मूळचं मेक्सिकोकडचं. त्याच्या पानाच्या कडेला ही झालर नसते. नुसत्या भिंगानं तुम्ही दोन खंडांतली रोपं वेगळी करू शकता. आणखी एक फरक लक्षात ठेवा. एचेव्हेरियाचा फुलांचा दांडा चक्राच्या बाजूनं, पानांच्या बगलेतून निघतो आणि फुलून गेल्यावरही चक्र जिवंत राहतं. एओनियमचा दांडा मधोमध निघतो आणि जे चक्र फुललं ते मरतं. झाडाला दुसऱ्या फांद्या असतील तर त्या जगतात, एकखोडी असेल तर सगळं झाडच जातं. गंमत म्हणजे एओनियम या नावाचा मूळ अर्थ ‘अक्षय’. गिऱ्हाईक जर म्हणालं, ‘ताई, फूल आलं आणि झाड वाळलं’, तर तो तुमच्या मालाचा दोष नाही, त्या जातीचा स्वभाव आहे. पण हे विकतानाच सांगायला हवं.

चौथा प्रश्न : तुझ्या फुलाला पाकळ्या किती?

रांगोळीचे ठिपके मोजणाऱ्या, विणकामाचे टाके मोजणाऱ्या बायकांना हे अवघड नाही. पानफुटीच्या फुलाचे भाग चार-चारच्या हिशेबात असतात. एचेव्हेरियाचे पाच. एओनियमच्या फुलाला पाकळ्या बहुधा सहा ते बारा. तिथं ग्रीनोव्हिया नावाचा एक गट आहे, तो आता बरेच तज्ज्ञ एओनियममध्येच धरतात. त्याच्या फुलाला वीस-पंचवीसपर्यंत, कधी त्याहून जास्त पाकळ्या. उन्हाळा लागला की त्याची पानं आत मिटतात आणि चक्र गुलाबाच्या कळीसारखं बंद होतं. मोनँथिसचं फूल भिंगाखाली धरलं तर नवल वाटेल. पाकळ्या अगदी अरुंद, आणि त्यांच्या आत मध तयार करणारे पंख्यासारखे पसरट भाग, पाकळ्यांपेक्षाही उठून दिसणारे. ते पंखे दिसले की मोनँथिस ओळखली.

पाचवा प्रश्न : तुझ्यातून निघतं काय? पाणी की चीक?

हा प्रश्न शेवटी ठेवला, पण सगळ्यांत महत्त्वाचा हाच. कॅनरी बेटांच्या कोरड्या किनाऱ्यावर ‘कार्दोन’ नावाचं मोठं काटेरी झुडूप आहे. चौधारी-पाचधारी हिरवे खांब, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारे. बघणारा म्हणतो, निवडुंग! तो फड्या निवडुंगाच्या कुळातला मात्र नाही. तो आपल्या त्रिधारी निवडुंगाच्या आणि शेराच्या जातकुळीतला आहे, ज्याला शास्त्रात युफोर्बिया म्हणतात. त्याचा पांढरा चीक त्वचेला भाजतो, डोळ्यांत गेला तर नजरेला धोका. पूर्वी तिथले लोक हा चीक पाण्यात सोडून माशांना गुंगी आणत आणि मासे धरत. शेराचं कुंपण तोडताना आपल्याकडच्या बाया पदर तोंडावर का घेतात, ते तुम्हांला सांगायला नको.

फड्या निवडुंगही तिथं रगड आहे, पण तो तिथला नाही, आपलाही नाही. तो अमेरिकेतला. त्यावर लाल रंग देणारा किडा पोसला जातो, त्या धंद्यासाठी तो कॅनरी बेटांवर आणला आणि मग सगळीकडे पसरला. आपल्या देशातही त्याला आणण्यामागे त्या रंगाचाच लोभ होता. म्हणून ‘इथं खूप आहे’ याचा अर्थ ‘इथलंच आहे’ असा होत नाही. दोघांत फरक काटे बघून करायचा. फड्या निवडुंगाचे काटे लवेच्या छोट्या गादीतून झुबक्यानं निघतात. कार्दोनचे काटे धारेवर जोडीजोडीनं बसलेले, गादी नाही.

याहून फसवी जोडी तिथं दुसरी आहे. एकाला लोक ‘ताबाइबा’ म्हणतात, दुसऱ्याला ‘वेरोदे’. दोन्ही ठेंगणी झुडपं, जाड खोडाची, फांद्यांच्या टोकालाच लांबट पानांचा झुपका. शेजारी शेजारी उगवतात. पण ताबाइबा युफोर्बिया आहे, पान तुटलं की पांढरा चीक. वेरोदे सूर्यफुलाच्या आणि झेंडूच्या कुळातलं, त्यात दुधासारखा चीक नाही. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ते खरंच.

ही परीक्षा करायची कशी? अख्खी फांदी मोडायची नाही. एका पानाचं टोक काडीनं खरवडायचं, चेहऱ्यापासून हात लांब धरून. पांढरं दूध दिसलं की तिथंच थांबायचं. तो हात डोळ्याला, तोंडाला लावायचा नाही, साबणानं धुवायचा. पोराबाळांना जवळ घेण्याआधी धुवायचा.

तिथल्या लोकांचं एक देशी शहाणपण इथं सांगायला हवं. एओनियमची एक छोटी जात आहे, तिला टेनेरीफकडे ‘गोमेरेता’ म्हणतात. पानं बारीक, जाड, लवेची, चिकट आणि वासाची. कार्दोनचा चीक लागून आग झाली तर तिथले लोक या गोमेरेताचा रस लावत आले आहेत. विष देणारं झाड आणि त्यावर उतारा असं मानलेलं झाड, दोन्ही एकाच डोंगरावर, आणि दोन्ही गुबगुबीतच. आता सांगा, नुसतं ‘सक्युलंट’ म्हणून भागेल का? पण मैत्रिणींनो, हे मी तिथली रीत म्हणून सांगितलं, उपचार म्हणून नाही. आपल्याकडे कुणाच्या डोळ्यात चीक गेला तर कुठल्याही पाल्याचा रस, तूप, दूध घालायचं नाही. स्वच्छ पाण्यानं किमान पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. त्या झाडाची फांदी पिशवीत घालून किंवा फोटो काढून बरोबर न्यायचा, म्हणजे डॉक्टरांना कळेल कशाचा चीक आहे. इथंही ओळखच उपयोगी पडते.

हे पाच प्रश्न विचारूनही कधी कधी उत्तर मिळत नाही. एओनियमच्या दोन जाती शेजारी फुलल्या की त्यांचा संकर होतो आणि मधलंच काही उगवतं. मोठमोठे जाणकारही तिथं अडतात. आयर्लंडचे रॉबर्ट लॉइड प्रेगर यांनी या कुळावर १९३२मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला, तो आजही अभ्यासक उघडतात. पेशानं ते ग्रंथपाल होते. रोज बारकाईनं बघायची सवय, वही आणि चिकाटी, एवढी शिदोरी असली की कुणालाही हे जमतं. त्यामुळे ‘हे शिकलेल्यांचं काम’ असं म्हणून मागं सरू नका.

आता तुम्ही म्हणाल, उपटून घरी आणलं तर निवांत बघता येईल. का नको?

एक तर उपटलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर हरवतं. पत्ता गेला की निम्मी ओळख गेली. आणि दुसरं कारण त्याहून मोठं. एखादी जात एका बेटावर, त्यातही एखाद्या दरीतच उरलेली असते. तिथं माणसानं शेळ्या आणल्या. शेळीचं तोंड कुठं कुठं पोचतं ते आपल्याला ठाऊक आहे. कितीतरी रोपं आज फक्त अशा कड्यांवर उरली आहेत, जिथं शेळीचा पाय पोचत नाही. काही कार्दोनच्या काटेरी खांबांच्या आडोशाला जगतात. तिथल्या ‘सेरोपेजिया’ नावाच्या रोपाचंच बघा. करड्या कांड्या, वर तपकिरी फुलं. ते कार्दोनच्या संगतीत वाढतं. ही सेरोपेजिया म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या कंदीलपुष्पाची सख्खी बहीण. आपल्याकडे कंदीलपुष्पाचे कंद गुराख्यांनी आणि रानात फिरणाऱ्यांनी उकरून खाल्ले, पठारं फुटली, आणि त्याच्या काही जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागी उरल्या. दोघी बहिणी हजारो किलोमीटर दूर, दोघींपुढचं संकट मात्र एकच.

शेळीला कळत नाही, माणसाला कळतं आणि तरी तो उपटतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात समुद्रकड्यांवरची डडलिया नावाची याच कुळातली रोपं चोरून परदेशी विकायला नेत. शेवटी तिथल्या सरकारला २०२१मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. कॅनरी बेटांवर तेइदेचा परिसर १९५४पासून राष्ट्रीय उद्यान आहे, ला गोमेराचं ढगाचं जंगल १९८१पासून. तिथून पानही उचलायची मुभा नाही. ग्रान कनारियावर एरिक स्वेन्टेनियस या स्वीडनमध्ये जन्मलेल्या वनस्पतितज्ज्ञानं १९५२पासून एक बाग उभी केली, तिथं मुख्यतः त्या बेटांकडची झाडं जपली जातात. बघायचं असेल तर लोक तिथं जातात, कड्यावर हात घालत नाहीत.

आता आपल्या कामाचं बोलू. ज्या गटांची रोपवाटिका आहे त्यांनी चार गोष्टी कराव्यात.

एक. रोप आणताना विचारा, हे तयार केलेलं की रानातलं? तयार केलेली रोपं बहुधा एकसारखी, एका वयाची, नीट मुळांची असतात. रानातून उपटलेलं रोप ओबडधोबड, पानांवर जखमा, मुळं तुटलेली, कधी दगडाचा तुकडा चिकटलेला. असं रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

दोन. एओनियमचं वर्ष आपल्या उलटं चालतं. त्याच्या माहेरी पाऊस हिवाळ्यात. उन्हाळ्यात ते झोपतं, पानं गाळतं, चक्र मिटतं. मे महिन्यात ते मलूल दिसलं म्हणून तुम्ही पाणी घालत राहिलात तर ते कुजणार. आपल्या पावसात तर ते ओट्यावर, पागोळ्यांच्या आत ठेवा. थंडीत मात्र पाणी द्या, तेव्हा ते वाढतं. त्याचं नुसतं पान सहसा रुजत नाही, खोडाची फांदी लावा. एचेव्हेरियाचं पान मात्र रुजतं. नाव कळलं की रोप वाचतं आणि पैसेही वाचतात.

तीन. चीक असलेल्या रोपांच्या कुंड्या वेगळ्या मांडा, वर पाटी लावा : ‘चीक आहे, डोळ्यांपासून जपा.’ कुंड्या बदलताना हातमोजे घाला.

चार. प्रत्येक रोपाची एक ओळ वहीत लिहा. मूळ कुठलं, पानं कशी, कडेला झालर आहे का, पाकळ्या किती, चीक आहे का. गटातल्या शाळकरी मुलीकडे ही वही द्या, ती आवडीनं भरेल. वर्षभरात तुमच्या गटाकडे अशी यादी तयार होईल, की गिऱ्हाईक नाव विचारायला तुमच्याकडेच येईल.

आणि ज्यांची रोपवाटिका नाही त्यांच्यासाठीही काम आहे. पावसाळा सरता सरता गावाच्या कड्याला, जुन्या वाड्याच्या भिंतीला, देवळामागच्या खडकाला बारीक बारीक रोपं फुलतात. रोज त्यांच्यावरून आपण जातो. पुढच्या बैठकीआधी दोघी-तिघी मिळून जा, भिंग न्या, वही न्या, तेच पाच प्रश्न विचारा : पत्ता काय, पानं कशी, अंगावर काय, पाकळ्या किती, पाणी की चीक. गावातल्या जाणत्या आजीला त्या रोपाचं नाव विचारा, कारण पुस्तकात नसलेली कितीतरी नावं तिच्या तोंडी आहेत, आणि ती कुणी लिहून ठेवली नाहीत तर तिच्याबरोबर जातील. उत्तरं बैठकीत वाचून दाखवा. रोप मात्र जिथं आहे तिथंच राहू द्या. पुढच्या वर्षी तुमच्या मुलीला ते त्याच जागी सापडलं पाहिजे.